क्लचवरचा पाय

लाइट काही आता लवकर येत नाही. वारा सुटला की सोनिवलीत एखादी फांदी तारेवर पडायची आणि मग लाइटवाले बॅटरी घेऊन ती शोधत फिरायचे, हे ठरलेलंच. मोबाइल जाळत बसू नका. बसा इथे पायरीवर, आणि जितेश, तू जरा पुढे सरक. तुझी आई सांगत होती, तू उल्हासनगरला जाऊन मधूशेठची गाडी बघून आलास. दहाचाकी. भाड्यानं घेणार म्हणे, आणि लांबच्या रूटवर स्वतः चालवणार. चांगलं आहे. मला विचारलं नाहीस तेही चांगलंच केलंस. उभा जन्म एसटी चालवलेल्या माणसाला ट्रकातलं काय कळणार.

तर मी सल्ला देत नाही. कैलासचं काय झालं, तेवढं सांगतो. आपल्या तळमजल्यावरचा कैलास, किर्तीचा नवरा. हल्ली बायकोच्या बिनगियरच्या स्कूटीवर मागे बसून अंबरनाथ पूर्वेला मोबाइल कव्हरच्या दुकानात कामाला जातो, तोच. त्याची खिडकी ही इथे शेजारीच आहे, म्हणून आवाज हळू ठेवतो. ऐकलं त्यानं तरी हरकत नाही म्हणा. अर्धं त्यानंच मला सांगितलंय, अर्धं किर्तीनं, आणि शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

कैलास आधी काय करायचा ठाऊक आहे? हप्ते थकलेल्या लोकांच्या बाइक उचलायचा. दारात बाई पदर धरून उभी असायची आणि हा चावी बोटावर फिरवत गाडी काढायचा. त्या कामाचाही त्याला माज. मग एक दिवस साहेबांच्या डोक्यात आलं की दुसऱ्यांच्या बाइक किती दिवस ढकलायच्या, आता आपली मोठी गाडी पाहिजे. हेवीचं लायसन्स काढलं, म्हणजे मैदानात रिकामी गाडी पुढे-मागे केली. बाकीचं शिक्षण मोबाइलवर. कुणीतरी पोरगा काश्मीरला ट्रक नेतोय, गाणी लावलीयत, वाटेत चहा पितोय, असले व्हिडिओ रात्र रात्र बघायचा. तेवढ्यावर हा इथे, याच पायरीवर बसून मला गियर टाकायला शिकवत होता. मी म्हटलं, असंच असेल बाबा, आम्ही आपले चुकीचेच टाकत आलो.

मधूशेठला तू भेटलाच आहेस. उल्हासनगरच्या कॅम्प चारला ऑफिस, मागे गाड्यांची रांग, स्वतःला सायकलसुद्धा येत नाही. गाडी विकत नाही, भाड्यानं देतो. डिझेल तुमचं, टायर तुमचे, टोल तुमचा, दंड तुमचा, आणि गाडी त्याची. याला तो ‘पार्टनर बनो’ म्हणतो, आणि हे ऐकून तुमच्यासारख्यांची छाती फुगते. पण एक अट त्याची शहाणपणाची होती, तेवढं मी मान्य करतो. नव्या माणसाला गाडी एकट्याला मिळायची नाही. आधी त्याच्या वस्तादाबरोबर फेऱ्या मारायच्या. वस्तादानं पाना हातात दिला की मगच चावी.

पाना म्हणजे काय, आकाश? सांगतो की. त्यासाठी आधी दौलतराव सांगावा लागेल.

दौलतराव इथेच बदलापुरात, मांजर्लीला राहायचा. बायको बनूबाई, मूलबाळ नाही. मला त्याच्याबद्दल फार प्रेम होतं अशातला भाग नाही. एक नंबरचा थापाड्या. बिनब्रेकची गाडी आसामातून इथवर आणली म्हणायचा. तंबाखू दुसऱ्याची खायचा आणि चुना कमी पडला म्हणून त्यालाच शिव्या द्यायचा. जगात ड्रायव्हर दोनच झाले, एक त्याचा वस्ताद आणि दुसरा तो स्वतः, असं त्याचं मत होतं. आम्हा एसटीवाल्यांना तो ‘घंटीवर चालणारे’ म्हणायचा, कंडक्टरनं घंटी मारली की हलणारे. हे मी विसरलेलो नाही.

त्याच्याकडे एक जुना रिंग पाना होता. दोन्ही टोकांना गोल कडं असतं ना, तो. त्याच्या वस्तादानं त्याला दिलेला. रीत अशी, की शिकणारा तयार झाला असं वाटलं की वस्ताद तो पाना त्याच्या हातात देणार, त्यानं गाडीचा एक नट आवळायचा आणि पाना परत करायचा. झाला तो ड्रायव्हर. कागद नाही, शिक्का नाही. मधूशेठही त्याच्यापुढे काही बोलायचा नाही.

पण तो दिवस येईपर्यंत पाना दुसऱ्या कामाला लागायचा. दौलतरावच्या तोंडात सदा तंबाखू, त्यामुळे बोलायची सोय नाही. तो केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणावर मांडी घालून बसायचा, म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला अगदी खेटून, आणि शिकणाऱ्याच्या डाव्या गुडघ्यावर पाना मारायचा. एक टोला म्हणजे क्लचवरचा पाय काढ. दोन टोले म्हणजे क्लच दाब. एवढीच त्याची शाळा.

नव्या माणसाला खोडच असते. गियर पडला तरी डावा पाय क्लचवरच ठेवून द्यायचा, घरच्या पाटावर ठेवावा तसा. त्यानं क्लच प्लेट जळते हे एक झालं. पण उतारावर तसा पाय दाबून राहिला तर इंजिनाची पकड सुटते, आणि मग सगळं वजन ब्रेकवर येतं. कैलासचा पाय कायम तिथे. टक. काढायचा. पुढचं गाव आलं की पाय पुन्हा क्लचवर. टक. प्रत्येक फेरीहून परत आला की पँटच्या डाव्या गुडघ्यावर ग्रीसचं काळं कडं उमटलेलं असायचं. किर्ती पेट्रोलचा बोळा घासून घासून वैतागली होती. ती मला म्हणाली, "आप्पा, ह्यांना ट्रक मिळेल तेव्हा मिळेल, पँटा मात्र संपल्या."

आता ती रात्र ऐका. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या, रविवार होता. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. मधूशेठनं त्याच्या सिंधी मराठीत स्पष्ट सांगितलं होतं, "देखो कैलासभाई, घटस्थापनेला दौलतराव हो बोलला तर चावी तुमची. नाही बोलला तर गाडी दुसऱ्या पार्टीला. माझ्याकडे लाइन लागलीय साईं." आणि कैलासनं तर गावभर सांगून ठेवलेलं. पुढच्या काचेवर लावायला ‘कैलास रोडलाइन्स’ असं स्टिकरही छापून आणलं होतं. एक गाडी, तीही भाड्याची, आणि नाव रोडलाइन्स. माझ्यासाठी पेढे कुठल्या दुकानाचे आणायचे, हेसुद्धा विचारून झालं होतं.

काम साधं होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीतून प्लास्टिकच्या दाण्याच्या गोण्या नगरला टाकायच्या आणि येताना उल्हासनगरच्या बाजारासाठी कांदा भरून आणायचा. जाणं ठीक झालं. येताना ओतूर मागे टाकून मढच्या अलीकडे एका ढाब्यावर ते जेवायला थांबले. पुढे माळशेज घाट. तो उतरला की मुरबाड, बारवीचा रस्ता आणि बदलापूर. पहाटे घरी.

जेवण झाल्यावर कैलासनं विषय काढला. "वस्ताद, उद्या घटस्थापना आहे. पाना द्या ना आता. इथूनच शेठला फोन करून टाकू."

"दिवाळीनंतर बघू," दौलतराव म्हणाला.

"दिवाळीनंतर गाडी राहील का? माझं चुकतंय तरी काय?"

"पाय."

"अहो पाय काय पाय. आता ऑटोमॅटिक गाड्या आल्यात, त्यांना क्लचच नसतो. तुम्ही अजून बैलगाडीत बसलाय."

दौलतरावनं पिंक टाकली. "मग ती घे. ही घाटात तुला विचारायला येणार नाही, व्हिडिओ बघितलास का म्हणून."

एवढं बोलून तो बाहेरच्या बाजेवर आडवा झाला. पोटात बरं वाटत नाही, जरा पडतो, धुकं विरळ झालं की निघू म्हणाला. पाना उशाला घेतला.

कैलास तिथेच बसून होता. समोर गाडी उभी, चावी खिशात. त्यानं हिशेब मांडला की आपण एकट्यानं घाट उतरवायचा, सकाळी भरलेली गाडी शेठच्या दारात नेऊन उभी करायची. मग म्हातारा कुठल्या तोंडानं नाही म्हणेल? त्यानं ढाबेवाल्याला हळूच सांगितलं, "वस्ताद उठले की त्यांना सकाळच्या एसटीत बसवून द्या." ज्या एसटीला दौलतराव घंटीवर चालणारी म्हणायचा, तिच्यात. बरोबर शिकायला आलेला माणूस आजारी वस्तादाला अमावास्येच्या रात्री ढाब्यावर टाकून निघाला, आणि का, तर काचेवर स्टिकर लावायचं होतं. मला आजही त्याचा संताप येतो. दौलतराव कसाही असला तरी कुणी असं टाकून जात नाही.

गाडी निघाली. मी या घाटात आयुष्य काढलंय, त्यामुळे सांगतो. पावसाळा सरता सरता तिथे रात्री धुकं असं उतरतं की दिव्याचा उजेड परत आपल्याच तोंडावर येतो. कड्यावरून रस्त्यावर पाणी पडत असतं. पुढची गाडी दिसत नाही, नुसता तिचा आवाज येतो. त्या रात्री तर आवाजही नव्हता. घाटात दुसरी गाडीच नव्हती.

पहिली वळणं मजेत गेली म्हणतो. गाणं लावलं. उद्यापासून डिझेल आपल्या खिशातलं, मग सवय आजपासूनच लावू, म्हणून त्यानं गियर काढला आणि गाडी न्यूट्रलवर सोडली. उतारावर आपल्या वजनानं चालते, डिझेल वाचतं. हे पण व्हिडिओतच बघितलेलं. जितेश, मान खाली घालू नकोस, तू पण बघितलं असशील.

आणि डावा पाय? क्लचवर.

उतार वाढला. मागे कांद्याचं वजन. वेग यायला लागला. त्यानं ब्रेक दाबला, गाडी धरली. वळण आलं. पुन्हा ब्रेक. पुन्हा वळण. जळका वास यायला लागला. त्याला वाटलं, बाहेरून येतोय.

मग त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी ऐकेना.

आणखी दाबला. उभा राहिला ब्रेकवर. नाही.

गाणं बंद केलं. गियर टाकायला गेला. दांडा आत जाईना, नुसती घरघर. पुन्हा रेटला. घरघर. काच पांढरी. खाली दरी... कुठल्या बाजूला, तेही दिसेना. देवाचं नाव आठवेना म्हणाला. किर्तीचं तर नाहीच.

आणि...

टक.

डाव्या गुडघ्यावर.

पाय निघाला. विचार करून नाही, सवयीनं. पाय काढला की रेस द्यायची, हे पण सवयीचंच. रेस दिली. इंजिन वर चढलं.

टक, टक.

पाय दाबला गेला. हात आपोआप दांड्यावर. दांडा आत गेला... आवाज न करता.

टक.

पाय काढला. इंजिननं मोठ्यानं हंबरडा फोडला आणि सगळी गाडी आवळली गेली. कांद्याच्या गोण्या पुढे येऊन केबिनला धडकल्या. कठडा उजेडात आला, हातभर अंतरावरून गेला. वेग उतरला.

त्यानं डावीकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती म्हणतो. तंबाखूचा वास येत होता. त्याला वाटलं, म्हातारा पक्का आहे, आपल्या आधीच गुपचूप मागच्या बर्थवर चढून पडदा ओढून झोपला असणार, आणि आता पुढे झाकणावर येऊन बसलाय. त्याच्या जिवात जीव आला. समोरच बघत म्हणाला, "मानलं वस्ताद. चुकलो. तुम्ही म्हणाल तसं."

एक वळण गेलं.

"वस्ताद, रागावलात?"

काही नाही. नुसतं इंजिन. मग पुढच्या वळणावर, टक. कारण पाय पुन्हा क्लचवर गेला होता.

सबंध घाट तसा उतरला. टक... टक, टक... टक. एक शब्द नाही.

खाली सावर्ण्याला त्यानं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला, केबिनचा दिवा लावला, आणि पाया पडायला म्हणून डावीकडे वळला.

झाकणावर कुणी नव्हतं.

मागचा पडदा सरकवला. बर्थवर दौलतरावची चादर, घडी केलेली. खाली उतरला. गाडीभोवती फिरला. चाकाखाली वाकून बघितलं. हाक मारली. रस्ता रिकामा.

तेवढ्यात फोन वाजला. खाली आल्यावर रेंज आली होती. स्क्रीनवर दौलतरावचं नाव. यानं घाईघाईनं उचलला. "वस्ताद, कुठं उतरलात तुम्ही?"

"वस्ताद न्हाईत ओ," पलीकडून आवाज आला. "मी ढाब्यावरनं बोलतोय. कवाधरनं लावतोय, तुमचा लागतच न्हाई. तुमचं म्हातारं वारलं."

कैलासनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही गाडी काढली तवाच की. आवाज ऐकून उठलं, हातात त्यो पाना घेऊन रस्त्यावर आलं. मी म्हटलं, बाबा, सकाळी यष्टीनं जा. तर गाडीचा आवाज ऐकत हुभं ऱ्हायलं. म्हनालं, पाय ठेवलाय मेल्यानं क्लचवर. अन् खालीच बसलं. तुमचा मागचा लाल दिवा दिसत हुता अजून."

मग कैलासनं आपल्या गुडघ्याकडे बघितलं. ढाब्यावर हातपाय धुऊन त्यानं दुसरी पँट घातली होती, स्वच्छ. आता तिथे काळं कडं होतं. एकावर एक, एकावर एक उमटलेलं.

पुढचं लवकर सांगतो. पोलीस आले, पंचनामा झाला. अंगावर तंबाखूची डबी, रुमाल आणि थोडी चिल्लर. फोन ढाबेवाल्याकडे. पाना नाही. ढाबेवाला शपथेवर सांगतो की खाली बसला तेव्हा पाना हातात होता. बनूबाईला तो त्याच्याबरोबर चितेवर ठेवायचा होता. तिनं माणसं पाठवून रस्त्याकडेचं गवत उपटून बघितलं. मिळाला नाही. आणि सांगून ठेवतो, दौलतरावला कैलासची दया आली असलं काही माझ्यापुढे बोलू नका. दया त्याला कुणाचीच आली नाही कधी. त्याला गाडीचे हाल बघवत नव्हते, बस.

घटस्थापनेच्या सकाळी कैलास गाडी घेऊन कॅम्प चारला पोचला. शेठनं गाडी बघितली, कांदा बघितला, सगळं शाबूत. म्हणाला, "वाईट झालं दौलतरावचं. पण गाडी तुम्ही बरोबर आणली साईं. आता हो-नाही बोलणारा कोणी राहिला नाही. घ्या चावी." हे बघा, ज्यासाठी एवढं केलं, ते याच्या हातात येत होतं. यानं चावी टेबलावर ठेवली. म्हणाला, "शेठ, मला पाना मिळालेला नाही." आणि रिक्षा करून घरी आला. मी त्याला जन्मभर नावं ठेवली, पण ते एक वाक्य तो सरळ बोलला. ते ऐकून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

ती गाडी आता दुसरा कुणी चालवतो. त्याला काही होत नाही. मी मुद्दाम चौकशी केली.

होतं ते इथे. किर्ती सांगते, झोपेत कैलासचा डावा पाय ताठ होतो आणि पलंगाच्या फळीवर दाबला जातो. दाबतच राहतो, फळी करकरते. मग एकदम झटका बसून पाय वर येतो, आणि तो निवांत झोपतो. थोड्या वेळानं पाय पुन्हा फळीवर. रात्रभर. आणि सकाळी खुंटीवर टांगलेल्या पँटच्या डाव्या गुडघ्यावर काळं कडं. तो कधी गॅरेजकडे फिरकत नाही. घरात ग्रीस नाही, स्कूटीला हात लावत नाही. तिनं दसऱ्याला नवी पँट आणली, दुकानातून आणून तशीच खुंटीला टांगली. सकाळी कडं. आता ती घासत बसत नाही. नुसती धुते आणि दोरीवर टाकते.

मी हसलो होतो तिला. म्हटलं, तुझा नवरा आहे, कुठेतरी बसला असेल घाणीत. मग एकदा तिनं मला पँट दाखवली.

थांबा... आली लाइट. चला, सुटलो. जितेश, उद्या जाणार आहेस ना मधूशेठकडे? जा की, मी कुठे अडवतोय. जाता जाता एक काम कर. कैलासच्या खिडकीबाहेर दोरीवर ती राखाडी पँट दिसते ना? दुपारी मी इथेच बसलो होतो, किर्तीनं माझ्यासमोर पिळून टाकली. स्वच्छ होती. डावा गुडघा बघ बरं.

अजून जवळ जा. आत तो झोपलाय, आवाज करू नकोस.

दिसलं? ... हात लावून बघ. लाव. काही होत नाही.

... काय झालं रे? बोट का मागे घेतलंस? पँट ओलीच असणार, वाळायला ऊन कुठे होतं.

काय? हळू बोल.

... "आप्पा, पँट गार आहे. पण हे कडं गरम लागतंय."